डिकीतला डग्गा

दिवाळीच्या तोंडावर कोणत्या घरात कोणता वाद उपटेल याचा नेम नसतो. कुणाकडे पडद्यांच्या रंगावरून, कुणाकडे चिवड्यात खोबरे घालावे की नाही यावरून. आमच्या मंगळवार पेठेतल्या घरात गेल्या वर्षी वाद झाला तो मोटारीच्या डिकीतल्या दीड हात जागेवरून. या जागेवर दोघांचा दावा होता. एक आमचे वडील, दादा, वय वर्षे ८६. आणि दुसरे आमचे चिरंजीव, वय वर्षे २७. मधे मी, शाळेत ३१ वर्षे गणित शिकवून निवृत्त झालेला, म्हणजे दोन्हीकडून बोलणी खाण्याच्या कामी चांगला मुरलेला माणूस.

मोटार म्हणजे काही फार मोठे प्रकरण नव्हे. चार दारे आणि मागे वर उचलायचे पाचवे, अशी लहानशी गाडी. पेट्रोल परवडेना म्हणून तिला सीएनजीचे कीट बसवले, आणि त्या सिलिंडरने डिकीचा बहुतेक मुलूख बळकावला. उरली ती सिलिंडरच्या मागची एक पट्टी आणि चाकाच्या कमानीपाशी एक कोनाडा. पट्टीत दादांचा घडीचा वॉकर आडवा बसतो. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात ते न्हाणीघरात घसरून पडले, तेव्हापासून वॉकर बरोबर असल्याखेरीज ते गाडीत पाऊल ठेवीत नाहीत. वॉकर नाही तर दादा घराबाहेर नाहीत, असा सरळ हिशेब होता.

चिरंजीवांना नेमका तिथे सबवूफर हवा होता.

हे काय असते ते ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी दोन शब्द. गाण्यातले अगदी खालचे स्वर, ढोबळ मानाने ८० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ८० कंपनांच्या खालचे, तेवढेच वाजवायला ठेवलेला स्पीकर म्हणजे सबवूफर. मोटारीच्या दारातले स्पीकर पत्र्याच्या पोकळीत बसवलेले असतात. गायकाचा गळा, हार्मोनियम, सतार ते नीट ऐकवतात. पण डग्ग्याचा घुमारा किंवा तंबोऱ्याचा खर्ज आला की त्यांचा दम संपतो. काळी एकच्या पुरुषी तंबोऱ्याची खर्जाची तार साधारण ६९ हर्ट्झवर बोलते. ती दारातल्या स्पीकरला पुरी पेलत नाही. आमच्या गावात याला कुणी सबवूफर म्हणत नाही. "बेस लावलाय काय?" एवढेच विचारतात.

माझा या बेसवर जुना राग. विसर्जनाची मिरवणूक महाद्वार रोडवरून जाऊ लागली की भिंतीसारख्या रचलेल्या त्या पेट्यांनी तावदाने थरथरतात आणि छातीत कुणी बुक्क्या मारतो आहे असे वाटते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांत राहत्या वस्तीसाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल असे आकडे आहेत. त्या आकड्यांची आणि त्या पेट्यांची कधी गाठ पडल्याचे मला आठवत नाही. तेव्हा चिरंजीवांनी विषय काढताच मी एकदम 'नाही' म्हणून टाकले.

"बाबा, मला रस्त्याला ऐकवायचं नाही. मला गाडीत बसून ऐकायचंय," चिरंजीव म्हणाले. या वाक्यात सगळे उत्तर होते, पण रागावलेल्या माणसाला ते कुठले ऐकू यायला!

शेवटी सौभाग्यवतींनी मध्यस्थी केली, "अहो, बघून तर या. बघायला पैसे पडत नाहीत." म्हणून एका रविवारी आम्ही बापलेक एका दुकानात गेलो. दुकान कोणते ते सांगत नाही. माणूस आपल्या परीने भला होता. त्याचा पहिलाच प्रश्न, "काका, किती इंची देऊ? दहा का बारा?" जागा किती आहे, ऐकता काय, हे त्याने विचारले नाही. "बाराच घ्या. डब्याचं काय, बसेल तेवढा करू." खोक्यावर सोनेरी अक्षरांत '१२०० वॅट' असे छापलेले, खाली मुंगीच्या अक्षरांत '२५० वॅट आरएमएस'. यातला वरचा आकडा क्षणभराच्या उसळीचा, खालचा सतत पेलण्याचा. लग्नाच्या बोलणीत सांगितलेला पगार आणि महिनाअखेर हातात पडणारा पगार यांत जेवढे अंतर, तेवढेच या दोन आकड्यांत. विकत घेताना खालचा वाचावा.

त्याने आमच्या कोनाड्यात मावेल एवढ्या पेटीत बारा इंची स्पीकर घालून ऐकवला. आवाज मोठा होता यात शंका नाही. पण प्रत्येक बोल सारखाच. 'धा' असो की 'घे', कानावर येई ते एकच: 'ढब'. रिकाम्या पिंपावर मूठ आपटावी तसे. चिरंजीवांचा चेहरा उतरला. येताना गाडीत कुणी बोलले नाही. घरात शिरताच दादांनी विचारले, "काय आणलंत?" मी म्हणालो, "काही नाही." "बरं झालं. वॉकर कुठं ठेवणार होतास?"

पण गणिताच्या माणसाला एक खोड असते. उत्तर चुकले की ते का चुकले हे कळेपर्यंत त्याला झोप येत नाही. एवढा मोठा स्पीकर आणि एवढा भिकार आवाज, हे कसे? चिरंजीवांनी स्पीकरांची माहितीपत्रके समोर ठेवली आणि मी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

प्रत्येक चांगल्या स्पीकरच्या पत्रकात काही आकडे दिलेले असतात. त्यांची शिस्त घालून दिली ती ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ साली आणि पुढे १९७०नंतरच्या वर्षांत रिचर्ड स्मॉल यांनी. आपल्याला त्यांतले तीन पुरतात. एफएस म्हणजे स्पीकर मोकळा धरला तर त्याचा पडदा सेकंदाला किती वेळा आपखुशीने डुलतो तो आकडा. व्हीएएस लिटरांत असतो. त्या पडद्याची लवचीकता किती लिटर हवेच्या लवचीकतेइतकी, ते तो सांगतो. आणि क्यूटीएस म्हणजे डुलणाऱ्या पडद्याला आवरणारा लगाम. आकडा लहान तितका लगाम घट्ट.

आता पेटीतली हवा. सायकलच्या पंपाचे तोंड बोटाने दाबून दांडा ढकलून पाहा. आत हवा जितकी थोडी, तितका दांडा ताठ. बंद पेटीतली हवा स्पीकरच्या पडद्याला असाच प्रतिकार करते. पेटी लहान की हवेची स्प्रिंग कडक, आणि स्प्रिंग कडक की डुलणे वरच्या स्वरात. हिशेब शाळकरी आहे. व्हीएएसला पेटीच्या लिटरांनी भागा, त्यात १ मिळवा, वर्गमूळ काढा. त्या उत्तराने एफएसला गुणले की पेटीतला स्वर कळतो, आणि क्यूटीएसला गुणले की पेटीतला लगाम.

उदाहरणादाखल एक बारा इंची स्पीकर घ्या: एफएस ३०, व्हीएएस ६०, क्यूटीएस ०.५. आमच्या कोनाड्यात पेटी मावते ती १२ लिटरची. ६० भागिले १२ म्हणजे ५, अधिक १ म्हणजे ६, वर्गमूळ २.४५. ३० हर्ट्झचा खर्ज चढून ७३वर गेला. लगाम झाला १.२२. हा आकडा ०.७च्या आसपास असला तर आवाज तोलात राहतो. १च्या वर गेला की एकाच स्वराचा फुगवटा होतो. तोच तो 'ढब'! आता त्याच पेटीत आठ इंची स्पीकर घाला: एफएस ३८, व्हीएएस १२, क्यूटीएस ०.५. १२ भागिले १२ म्हणजे १, अधिक १ म्हणजे २, वर्गमूळ १.४१. स्वर ५४, लगाम ०.७१. म्हणजे त्या जागेत धाकटा स्पीकर थोरल्यापेक्षा खाली जातो आणि मर्यादेतही राहतो. बारा इंचीला तोच तोल द्यायचा तर ६० लिटरची पेटी हवी, आणि मग गाडीत दादांनाही जागा उरणार नाही, सिलिंडरलाही नाही.

म्हणून माझे वाचकांना सांगणे एवढेच की दुकानात शिरताना इंच विचारीत शिरू नये. जागेचे लिटर मोजून न्यावेत आणि त्या लिटरांत कोण सुखाने राहील ते विचारावे.

यात फुकट मात्र काही मिळत नाही. लहान बंद पेटीतून खोल खर्ज काढण्याची युक्ती अमेरिकेत एडगर व्हिल्चर यांनी १९५४ साली बाजारात आणली. त्याआधी चांगल्या खर्जासाठी कपाटाएवढ्या पेट्या लागत. पण युक्तीची किंमत होती. खोल खर्ज, थोड्या विजेत मोठा आवाज, आणि लहान पेटी, या तिन्हींपैकी कोणतीही दोनच मागता येतात. हा नियम जे. अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जातो. १९५७ साली तिघांनी मिळून केएलएच नावाची स्पीकरांची कंपनी काढली, त्यातल्या 'एच'चे हे धनी. प्रसिद्ध पियानोवादक योसेफ हॉफमन यांचे ते चिरंजीव. म्हणजे वाजवणाऱ्या बापाच्या घरी पेट्यांचा नाद करणारा मुलगा निपजणे, हे काही आमच्याच घराण्याचे वैशिष्ट्य नव्हे.

कारण आमचे दादा तबला वाजवीत. पोट भरण्यासाठी नव्हे. पोट नोकरीवर चाले. पण पेठेतल्या भजनी मंडळात गुरुवारी त्यांचाच हात असे, आणि १८८३ साली स्थापन झालेल्या आपल्या देवल क्लबात गाणे असले की ते पुढच्या रांगेत. मी टेबलावर आकडेमोड करीत होतो तेव्हा ते वॉकर टेकत आले आणि म्हणाले, "एवढं काय अडलंय?"

मी सांगितले: लहान पेटीत खाली जायचे तर पडदा जड लागतो, पडदा जड केला की आवाज घटतो, मग तो हलवायला वीज जास्त.

दादा हसले. "अरे, मग डग्ग्यावर शाई कशाला घालतात? एवढंसं भांडं, खालून बंद. नुसती पुडी ताणली तर टणटण करेल. शाईचं वजन पडलं की खाली उतरतो. पण मग हातात जोर पाहिजे. पोरासोराला घुमत नाही."

मी पेन्सिल खाली ठेवली. ३१ वर्षे गणित शिकवले, आणि घरच्या माळ्यावर डग्गा असून ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती! लोहचूर्ण आणि खळ यांच्या त्या काळ्या वर्तुळाचे महत्त्व सर चंद्रशेखर रामन यांनीही ओळखले होते. आपल्या चर्मवाद्यांचे वरचे स्वर सुरेल जुळतात ते या शाईमुळे, हे त्यांनी १९२० साली 'नेचर'मध्ये लिहिले. विदेशी पडघम त्या बाबतीत आपल्या मृदंगाच्या जवळही येत नाही.

मग दादा जे म्हणाले, त्याने वादाचे पारडे फिरले. "तुमच्या गाडीत मी गाणं लावू देत नाही, ते का माहीत आहे? त्यात तबलाच नसतो. नुसता माणूस ओरडतो."

आम्ही समजत होतो, म्हातारपणी माणसाला गाणे नकोसे होते. मी कपाटातून त्यांच्या कानाच्या तपासणीचा कागद काढला. डॉक्टरांनी आलेख समजावून दिला होता, पण तेव्हा माझे लक्ष यंत्राच्या किमतीकडे. वयाबरोबर कानाची शक्ती जाते ती आधी वरच्या स्वरांची. दादांचा आलेखही तसाच: उजवीकडे, उंच स्वरांच्या बाजूला रेघ दरडीसारखी कोसळलेली, डावीकडे, खालच्या स्वरांत मात्र जवळजवळ सपाट. म्हणजे उजव्या तबल्याची किनार त्यांना कानामुळे ऐकू येत नव्हती, आणि डग्गा गाडीमुळे. वरचे वयाने नेले, खालचे दारातल्या स्पीकरने. उरला मधला माणूस, ओरडणारा.

त्या संध्याकाळी घरातला विरोध संपला. चिरंजीव एकदम आजोबांच्या पक्षात गेले, किंवा आजोबा त्यांच्या. नक्की काय झाले ते सांगता येत नाही. फक्त वॉकरची पट्टी सोडून, कोनाड्यातच काय ते बसवायचे, असा तह झाला.

पुढे पर्याय दोन आले. एक, सीटखाली सरकणारा चपटा सबवूफर. अँप्लिफायर त्याच्या पोटातच असतो, जागा जवळजवळ लागत नाही. घाई असेल, भाड्याचे घर बदलावे तशी गाडी बदलत असाल, तर तोच घ्यावा. पण चपटेपणामुळे त्याच्या पडद्याला मागेपुढे हलायला अंतर थोडे, म्हणून फार खाली तो जात नाही. शिवाय आमच्याकडे पावसाळ्यात पायांबरोबर निम्मे कोल्हापूर गाडीत येते, आणि २०१९ आणि २०२१चे महापूर पाहिलेला माणूस विजेची वस्तू गाडीच्या तळाशी ठेवायला सहज धजत नाही.

दुसरा, नळीची पेटी. पेटीला भोक पाडून आत नळी बसवली की थोड्या विजेत आवाज वाढतो. मिरवणुकीतल्या पेट्यांना अशीच तोंडे असतात. पण १२ लिटरच्या पेटीला ३५ हर्ट्झवर आणायचे तर साडेसात सेंटिमीटर रुंदीची नळी ८५ सेंटिमीटर लांब लागते, आणि तिने आतले जवळजवळ चार लिटर गिळले. पाहुणा घरापेक्षा मोठा! लहान जागेला बंद पेटीच बरी.

शिवाय लहान गाडी इथे आपल्या बाजूने उभी राहते, हे मला फार आवडले. ५० हर्ट्झची ध्वनिलहर जवळजवळ सात मीटर लांब. गाडीची पोकळी अडीच-तीन मीटरची. लहर आत मावतच नाही, तेव्हा सगळ्या पोकळीतली हवा एकदमच दाबली आणि सोडली जाते, आणि खालचे स्वर आपोआप उचलले जातात. बंद पेटी जिथे खाली उतरू लागते, साधारण तिथेच गाडी हात देऊ लागते. डिकी आणि बैठक यांत पत्रा नसलेल्या गाडीत हा फायदा पुरा मिळतो. दिवाणखान्यात हीच पेटी दुबळी वाटेल.

पेटी करायला शिवाजी उद्यमनगराच्या बाजूचा एक सुतार गाठला. तो माझा जुना विद्यार्थी निघाला; कोल्हापुरात निवृत्त मास्तराची यापासून सुटका नसते. "सर, गणितात नापास केलंसा मला. पर पेटीत न्हाई चुकायचो बघा." आणि खरेच चुकला नाही. १८ मिलिमीटर एमडीएफ, बाहेरून ४० बाय २४ बाय २० सेंटिमीटर. बाहेरून गुणाकार १९.२ लिटर येतो, पण फळीची जाडी वजा जाता आत उरतात १२.२. हा वजाबाकीचा धडा पुष्कळ जण विसरतात. आमच्या सौभाग्यवतींचा सूत्रांवर विश्वास नाही. त्यांनी ज्वारीच्या डब्यातून लिटरचे माप आणून पेटी भरून पाहिली. बारा मापे आणि वर थोडी. कमानीची वाकडी पेटी असली तर हीच रीत उत्तम. शेर-पायलीत वाढलेल्या दादांना तर ती एकच रीत पटली. स्पीकरचा मागचा भाग लिटरभर जागा खातो. ती भरून काढायला आत उशीतला असतो तसा पॉलिएस्टरचा कापूस सैल भरला. त्याने हवेची स्प्रिंग जरा मऊ होते आणि पेटी थोडी मोठी असल्यासारखी वागते. सांधे सरसाने आणि सिलिकोनने बुजवले. मग पडदा हाताने अलगद दाबून पाहायचा. सावकाश वर आला तर पेटी हवाबंद, टणकन उडाला तर कुठेतरी गळते आहे.

जोडणीत मात्र हौस बाजूला ठेवावी. बॅटरीपासून येणाऱ्या जाड तारेवर बॅटरीच्या अगदी जवळ, हातभराच्या आत, फ्यूज हवाच. नाहीतर तार कुठे घासली की आग. सीएनजीच्या गाडीत डिकीच्या तळाला खाली काय आहे ते पाहिल्याशिवाय भोक पाडू नये, सिलिंडरच्या झडपेपाशी तार नेऊ नये, आणि सिलिंडरची तपासणी दर ३ वर्षांनी करायची असते तेव्हा पेटी सुटी काढता आली पाहिजे. आम्ही ती पट्ट्यांनी आवळली. जड वस्तू डिकीत मोकळी ठेवली तर ब्रेक दाबल्यावर ती डिकीतच राहील असे नाही.

पाडव्याच्या संध्याकाळी सगळे रंकाळ्यावर गेलो. सौभाग्यवतींची एक अट होती: काचा वर करून दहा पावलांवर उभे राहिल्यास काही ऐकू येता कामा नये. चिरंजीवांनी सबवूफरला ८०च्या वरचे स्वर बंद केले आणि आवाजाचा खटका आधी चढवून, मग हळूहळू उतरवत, पेटी वाजते आहे हे कळेनासे झाले तिथे ठेवला. खर्ज मागून न येता गाण्यातूनच आल्यासारखा वाटला की माप बरोबर. सौभाग्यवती दहा पावले मोजून उभ्या राहिल्या. पलीकडे भेळवाल्याच्या तव्यावरचा खणखणाट ऐकू येत होता. आमच्या गाडीचा काही नाही.

आत दादा पुढच्या सीटवर. जुन्या मैफलीतला एक ख्याल लावला होता. पहिली सम आली आणि डग्ग्याचा तो लांबट, मनगट घासून वर चढवलेला घुमारा सीटच्या पाठीतून सरकला. दादांनी तळहात सीटवर टेकला. कुणी काही विचारले नाही. दोन आवर्तने झाली, तीन झाली. त्यांच्या दुसऱ्या हाताची बोटे मांडीवर चालू लागली.

"आजोबा, ऐकू येतंय?" चिरंजीवांनी मोठ्याने विचारले.

दादांनी हाताने त्यांना गप्प केले. समेवर मान हलवली, आणि मग कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "डग्गा उतरलाय याचा. बसायच्या आधी चढवून घ्यायला नको?"